नानांच्या डिस्कला बरं नाही

"ताई, ऐकलं का? नानांचा कंप्युटर टकटक करायला लागलाय म्हनं."

बातमी आणली आक्कांनी. पिरंगुटच्या पुढे, पौड रस्त्यापासून जरा आत, आमची तीन घरं अशी बसली आहेत की तिघांच्याही हद्दी एकाच सिमेंटच्या खांबाला येऊन मिळतात. मधे तारेचं कुंपण, तारेवर घोसाळ्याचा वेल. इंद्रायणी तांदळाच्या भावापासून चांदणी चौकातल्या वाहतुकीपर्यंत सगळ्या प्रश्नांचा निकाल त्या खांबापाशीच लागतो. पावसानं उघडीप दिली होती, दोऱ्यांवर कपडे पडले होते, म्हणजे बैठक भरायला काहीच हरकत नव्हती.

"टकटक नव्हे हो आक्का," नाना चहाचा कप घेऊनच बाहेर आले. "मधेच एकदा टिक् होतं आणि स्क्रीन गोठते. मग आपली परत चालू."

"टिक् असो नाहीतर टक्," मी म्हटलं, "हार्ड डिस्क बोलायला लागली की तिला फार बोलू द्यायचं नसतं. आत्ता मशीन बंद आहे ना?"

"चालू आहे. व्हायरसचं स्कॅन लावून आलोय."

"अहो, आधी बंद करा!"

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली निम्मी बॅकअपच्या टेपा कपाटात लावण्यात. त्यामुळे या एका विषयात माझा आवाज जरा चढतो. नाना कप खांबावर ठेवून आत पळाले. डिस्कच्या आत आरशासारख्या तबकड्या मिनिटाला 7200 फेऱ्या मारत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. ते टोक जागेवर बसेना की मागे येतं, पुन्हा जातं. तोच तो आवाज. अशा वेळी स्कॅन लावायचं म्हणजे त्या टोकाला सबंध तबकडीवरून फिरवायचं. उरलंसुरलंही खरवडून निघायची शक्यता.

नाना परत आले ते वहिनींना घेऊन. वहिनींच्या हातात निवडायची मेथी. म्हणजे बैठक लांबणार.

"पुतण्याला फोन केला," नाना म्हणाले. "हिंजवडीहून साहेब म्हणतात, काका, तेरा-चौदा वर्षांचं मशीन झालं, डिस्क कसली बदलताय, टाकून द्या आणि नवं घ्या."

"मग घ्या की," वहिनी म्हणाल्या. "तो डबा झाडताना माझी कंबर जाते."

इथे नानांनी जे उत्तर दिलं ते हिंजवडीतल्या साहेबाला कळणार नाही, पण मराठी डीटीपी केलेल्या कुठल्याही माणसाला लगेच कळेल. नानांचा धंदा पत्रिकांचा. मुठा खोऱ्यापासून कोळवण खोऱ्यापर्यंत लग्नाच्या पत्रिका, उरुसाची पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं, सरपंचकीची पत्रकं, सगळं त्यांच्याकडून गेलं. हे सगळं पेजमेकरमध्ये आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीमध्ये बसवलेलं. आणि त्यांच्या श्रीलिपीचं कुलूप म्हणजे मशीनच्या मागच्या पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टमध्ये खोचलेला एक लहानसा ठोकळा. तो ठोकळा नसेल तर श्रीलिपी उघडत नाही, आणि तसं पोर्ट आता नव्या मशीनला येत नाही.

"आणि सीडी?" मी विचारलं.

"सीडीवर बुरशीचे ठिपके आलेत. आपल्याकडच्या पावसात सीडी टिकते होय?"

"मंग दुसऱ्याच्या कंप्युटरवर उघडायच्या फायली," आक्का म्हणाल्या.

"उघडतात, पण मराठी दिसत नाही. चि. सौ. कां. च्या जागी उलटं प्रश्नचिन्ह, डॉलर आणि टोपी घातलेला ए."

हे मात्र खरं आहे. युनिकोड रुळायच्या आधी, श्रीलिपी असो नाहीतर सी-डॅकचं आयएसएम, मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. तो फाँट मशीनवर असला तर 'श्री गणेशाय नमः', नसला तर कचरा. विंडोज 2000 बरोबर मंगल फाँट आला आणि हळूहळू युनिकोड पसरलं, पण छपाईवाले जुन्याच वाटेनं राहिले, कारण मंगलमध्ये पत्रिका छापली तर वधूपिता पैसे देणार नाही. त्यात पेजमेकरची शेवटची सात नंबरची आवृत्ती 2001ची. त्या फायली इनडिझाइनला उघडता येत होत्या, पण तेही सीएस सिक्सपर्यंतच. नानांचं गणित मला पूर्ण पटलं. कंपन्या आणि पुतणे म्हणतात नवं मशीन घ्या, पण मराठी छपाईवाल्याचं मशीन म्हणजे त्याच्या फाँटांचं घर असतं. घर तसंच ठेवून आतली डिस्क तेवढी बदलायची, हाच शहाणा मार्ग.

"मग घ्यायची कुठली?" नानांनी कप उचलला. "दुकानदार म्हणाला, काका, एनव्हीएमई घ्या, सेकंदाला साडेतीन हजार एमबी."

"तुमच्या मशीनमध्ये ती बसेल कुठे? मदरबोर्डवर तशी खाचच नाही. च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते ती, आणि तिची जागा आली तुमच्या मशीननंतर काही वर्षांनी. तुम्हाला हवी साधी अडीच इंची साटा एसएसडी. जुन्या डिस्कची केबल काढायची, हिला लावायची."

"वेग?"

"तुमचं साटाचं पोर्टही जुनं, सेकंदाला तीनशे एमबीच्या वर नेणार नाही. म्हणून महागडी, साडेपाचशेवाली घेऊन फायदा नाही. पण तुम्हाला फरक पडणार तो त्या आकड्यानं नाहीच. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली इकडून तिकडून वाचते. फिरत्या डिस्कला दर वेळी टोक हलवायचं, मग तबकडीवरची ती जागा फिरून खाली यायची वाट बघायची. नुसती ती वाटच सरासरी चार मिलिसेकंद. एसएसडीत फिरणारं काही नाही, वाट बघणं नाही."

"म्हणजे मी बटण दाबून आंघोळीला जातो ते..."

"जाता येणार नाही. आंघोळ आधी करावी लागेल."

वहिनींना हा मुद्दा आवडला.

"चारशे ऐंशी जीबीची स्वस्त मिळतेय," नाना खिशातून कागद काढून म्हणाले. "माझी जुनी पाचशेची. वीस जीबीनं काय बिघडतं?"

इथेच निम्मे लोक फसतात. नानांना नवी विंडोज टाकून चालणार नव्हतं. श्रीलिपी, फाँट, पेजमेकर, प्रिंटरची सेटिंगं सगळ्यासकट जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायची होती. पुतण्या त्यासाठी क्लोनझिला वापरणार. फुकट आहे, पेनड्राईव्हवरून चालतं आणि चोख चालतं, पण नवी डिस्क जुनीपेक्षा एक जीबीनं जरी लहान असली तरी सरळ नाही म्हणतं. आत दोनशे जीबी रिकामी आहे वगैरे युक्तिवाद त्याच्यापुढे चालत नाही. मग पार्टिशनं आकसायची, आणि तेही मरायला टेकलेल्या डिस्कवर. कोणी सांगितलाय उद्योग? पाचशे किंवा पाचशे बारा जीबीची घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

"विंडोज सेव्हन आहे ना? एक्सपी नाही?"

"सेव्हन."

"मग बरं. एक्सपीला एसएसडी काय चीज आहे तेच कळत नाही. सेव्हनला कळतं. फक्त तिला इंटरनेट लावू नका. जानेवारी 2020 पासून तिची दुरुस्ती बंद आहे."

आक्का मगासपासून गप्प होत्या, म्हणजे काहीतरी शिजत होतं. "नाना, लई महाग असंल न्हाई? परवा तो वरच्या बंगल्यातला साहेब सांगत व्हता, चारशे नव्व्याण्णवला दोन टीबीचा पेनड्राईव्ह घेतला म्हनं."

"आणि नातवाच्या बारशाचा व्हिडिओ त्यात टाकला," वहिनी म्हणाल्या. "आता उघडत नाही. साहेबीणबाई चार दिवस बोलत नव्हत्या त्यांच्याशी. मला दूधवाल्यानं सांगितलं."

त्या पेनड्राईव्हमध्ये आत बत्तीस नाहीतर चौसष्ट जीबीची चिप असते. कंप्युटरला मात्र तो दोन टीबी आहे असं धडधडीत खोटं सांगतो. जागा संपली की नवं जुन्यावर लिहीत जातो आणि फायलींची नावं तेवढी शाबूत ठेवतो, त्यामुळे पहिले काही आठवडे मालक खूश. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा जुना जर्मन प्रोग्राम आहे, तो पूर्ण जागा भरून परत वाचून बघतो. नवा कुठलाही ड्राईव्ह आणला की आधी हा लावायचा. साहेबांना हे सांगायला हवं होतं, पण साहेब कुंपणापाशी येत नाहीत, गाडीतून हात करतात.

"पण महाग झाल्यात हे खरं," नाना म्हणाले. "दुकानदार म्हणे एआयमुळे. आता एआयचा आणि माझ्या पत्रिकांचा काय संबंध?"

संबंध आहे. 2025च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा घाऊक उचलायला सुरुवात केली, आणि रॅमपाठोपाठ एसएसडीही चढली. नानांना हा अनुभव नवा नाही खरं तर. त्यांची ही आजारी डिस्क घेतली तेव्हा थायलंडात पूर आलेला. 2011चा ऑक्टोबर. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा वाटा बँकॉकच्या आसपासच्या कारखान्यांत तयार व्हायचा, ते कारखाने पाण्याखाली गेले आणि ऐन दिवाळीत बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी डिस्कचे भाव दुप्पट झाले. नानांनी तेव्हा दुकानदाराशी भांडण केलं होतं, की पूर तिकडे आणि भाव इकडे कसा वाढतो. लगीनसराई तोंडावर म्हणून शेवटी घेतलीच.

"वसूल झाली पण," वहिनी म्हणाल्या.

"झाली," नाना म्हणाले. एवढंच.

आता दुसरा प्रश्न. एसएसडी झाली काम करायला. सगळ्याची नक्कल ठेवायला काय? माझं मत ठाम आहे: साठवणीला फिरती डिस्कच. एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि ती पेटीत वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर तो भार ओसरत जातो. फिरत्या डिस्कवर तबकडीचं चुंबकत्व असतं, ते टिकतं. शिवाय जीबीमागे स्वस्त.

"त्यातही म्हणे दोन जाती आहेत," नाना म्हणाले. "सीएमआर आणि एसएमआर. पुतण्यानं सांगितलं, मला कळलं नाही."

"आक्कांचं जुनं घर आठवतं? कौलांचं? एसएमआरमध्ये माहितीच्या रेघा तशाच एकीवर एक चढवलेल्या असतात. तेवढ्याच जागेत जास्त मावतं. पण मधलं एक कौल बदलायचं तर?"

"वरची समदी काढावी लागत्यात," आक्का म्हणाल्या. "आगोटीला दर साली त्योच धंदा व्हता आमचा."

"तसंच. मधलं थोडं बदलायचं तर शेजारच्या रेघाही पुन्हा लिहायच्या, म्हणून ती डिस्क मधेच रेंगाळते. एकदा भरून कपाटात ठेवायला चालते, रोजच्या कामाला नको."

कंपन्या हे खोक्यावर छापत नाहीत, हा माझा राग आहे. एप्रिल 2020मध्ये वेस्टर्न डिजिटलला कबूल करावं लागलं की त्यांच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर होत्या. ती मालिका तर चार-चार डिस्क एकत्र जोडून रात्रंदिवस चालवणाऱ्यांसाठी, आणि त्यांना नेमकी एसएमआरच नको असते. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात उरल्यात तीन: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिघींनीही हा प्रकार कधी ना कधी गुपचूप केला. म्हणून मॉडेल नंबर बघायचा, रंग नाही. जांभळी मिळाली तर ती सीसीटीव्हीसाठी असते, सतत लिहीत राहण्यासाठी बनवलेली. वाईट नव्हे, पण आडरस्त्याच्या दुकानात स्वस्तात जांभळी मिळतेय म्हणजे ती कुणाच्या तरी गेटावर तीन वर्षं पहारा देऊन आलेली असू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो लावला की किती तास चालली ते कळतं. काही महाभाग तो आकडाही शून्यावर आणतात. म्हणून पक्कं बिल, सीलबंद खोकं, आणि दुकानात उभं राहूनच कंपनीच्या साईटवर सीरियल नंबर टाकून भारतातली वॉरंटी आहे का ते बघणं. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

"पुतण्या म्हणतो क्लाउडवर टाका," नाना म्हणाले.

"टाका की. पण गुगल फुकट देतं पंधरा जीबी, तुमच्याकडे आहे दीडेकशे. आणि लाईट गेली की इथला टॉवर अर्ध्या तासात मान टाकतो."

"क्लाउड म्हंजी कुठं ठिवत्यात ते?" आक्का.

"तुमच्याच तालुक्यात असेल," मी म्हटलं. "मायक्रोसॉफ्टची पुण्यातली डेटा सेंटरं 2015 पासून चालू आहेत. आणि 2024मध्ये त्यांनी हिंजवडीत आणखी सोळा एकरांवर जमीन घेतली. पाचशेवीस कोटींना."

डिस्कचा विषय इथे संपला. मुळशीत जमिनीचा आकडा निघाला की दुसरा कुठलाही विषय टिकत नाही.

"गुंठ्याला काय पडलं?" आक्कांनी विचारलं.

नानांनी भिंतीवर कोळशानं हिशेब केला. सोळा पूर्णांक चार एकर, म्हणजे सहाशे छप्पन्न गुंठे. "ऐंशी लाखांच्या जरा आत."

"आगं बया! आन् आमच्या सासऱ्यांची धरणात गेली तवा?"

ते उत्तर कुणाकडेच नव्हतं. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध 1921च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला, तरी बावन्न गावांचं पाणी झालं ते झालंच. आक्कांच्या घरातले त्या वेळचे पिवळे कागद मात्र नानांनीच स्कॅन करून ठेवले होते, आणि ते कुठे आहेत? त्याच टिक् करणाऱ्या डिस्कवर.

"आसं कसं हो नाना!" आक्का तारेवर हात आपटून म्हणाल्या. "आदी माझी कागदं काढा, मंग त्या पत्रिका!"

हे योग्यच होतं. आजारी डिस्कचं पूर्ण क्लोन करायच्या आधी जे परत मिळणार नाही ते पहिलं उचलायचं असतं: आक्कांचे कागद, मग श्रीलिपीचे फाँट, मग गेल्या दोन वर्षांच्या फायली. त्यानंतर क्लोन. वाटेत डिस्कनं मान टाकलीच तर निदान तेवढं हाताशी. नंतर निवांतपणे जुन्या पत्रिकांच्या पीडीएफ करायच्या, फाँट आत बसवून. म्हणजे ठोकळा हरवला तरी मराठी मराठीसारखं दिसेल. नक्कल दोन डिस्कवर: एक नानांच्या कपाटात, एक माझ्याकडे. आणि आळीवर वीज पडली तर म्हणून तिसरी पुतण्याच्या हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये.

"यूपीएसची बॅटरीही बदला," मी म्हटलं. "फुगलीय ती. लिहिता लिहिता लाईट गेली तर नवी डिस्कही याच वाटेनं जाईल."

नानांनी कागदावर लिहून घेतलं: पाचशे बारा जीबी साटा एसएसडी, दोन टीबीच्या तीन डिस्क, यूपीएसची बॅटरी. खाली रेघ मारली आणि खर्चाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. वहिनींनी ते बघितलं आणि मेथीच्या काड्या जरा जोरात मोडल्या.

"आणि जुनी डिस्क भंगारवाल्याला," नाना म्हणाले.

"मुळीच नाही. पुसलेलं परत काढता येतं. अख्ख्या तालुक्याचे पत्ते आणि फोन नंबर आहेत त्यात. सगळं नीट उतरलं की तबकड्यांना ड्रिलनं आरपार भोकं पाडा, मग द्या."

"भोकं कशाला?" आक्कांचा आवाज एकदम मऊ झाला. "माझ्या ट्रंकेत ठिवते की. पडून राहील बिचारी."

नानांनी चष्म्यावरून बघितलं. "आक्का, तुम्हाला काय करायचीय ती?"

"काय न्हाई. ती कोळवणकडची पत्रिका त्यातच आसंल न्हवं? छापून झाली, आन् मंग नवऱ्या मुलाचं नाव बदलून परत छापली, ती?"

"गिऱ्हाइकाची गोष्ट आहे ती. मी कधी कुणाला सांगितली नाही आणि सांगणार नाही."

"अहो, नाव नव्हतं बदललं," मेथीची परात कमरेवर घेत वहिनी म्हणाल्या. "नाव तेच होतं, आडनाव बदललं होतं. आणि त्याचं कारण म्हणजे मुलीच्या मामानं..."

"तू आत जा बघू!" नाना ओरडले.

आक्कांनी घोसाळ्याचा वेल बाजूला सारला आणि मधली तार हातानं खाली दाबून धरली. "वहिनी, या हिकडून या. डिस्क राहू द्या त्यांची त्यांस्नी."